आंबट गोळ्या आणि साथीचे दिवस

जानेवारी २०२५ मध्ये टीव्हीवर एचएमपीव्हीची बातमी झळकली, त्या संध्याकाळी आमच्या फार्मसीत तापाचं औषध न्यायला फारसं कुणी आलं नाही. मास्क एखाददुसऱ्यानं नेला. बाकी सगळे एकच विचारत होते, ‘बाय, व्हिटॅमिन सी आसा?’ एचएमपीव्ही हा २००१ साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेलेला विषाणू. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना दरवर्षी त्याची सर्दी होतच असते. पण विषाणूचं नाव ऐकलं की हात त्या नारंगी पट्टीकडे जातो, ही २०२० सालच्या कोविडच्या साथीतली सवय आता आपल्यात मुरली आहे.

फोंड्याच्या वरच्या बाजारात मी कित्येक वर्षं काउंटरवर उभी आहे. जीवनसत्त्वं आणि साथीचे रोग यांच्याबद्दल एकदा सविस्तर लिहावं असं तेव्हापासून मनात होतं, कारण व्हॉट्सॲपवर दोनच प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, अमुक गोळी घेतली की विषाणू घरात शिरत नाही. दुसरे म्हणतात, सगळं थोतांड आहे, कंपन्यांचा धंदा आहे. दोघांचंही ऐकून नुकसान झालेली माणसं मी पाहिली आहेत. ज्याच्या शरीरात एखादं जीवनसत्त्व कमी पडतंय त्याला ते द्यायलाच हवं, साथीत तर जास्तच. ज्याला ते पुरेसं मिळतंय त्याला आणखी देऊन काही पदरात पडत नाही. आणि साथीत आपण नेमकं उलट केलं. ज्यांच्या घरी मासळी, फळं, अंडी सगळं होतं त्यांनी डबेच्या डबे नेले. ज्यांना खरी गरज होती त्यांच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही.

मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात गोव्यात जो कडकडीत बंद झाला, त्यात पहिले काही दिवस किराणा दुकानंसुद्धा उघडली नव्हती. बेळगावहून येणारी भाजी थांबली होती. फार्मसी मात्र चालू. माणसं पोलिसांना डॉक्टरची चिठ्ठी दाखवत यायची. चिठ्ठीवर रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात घरच्यांनी जोडलेलं असायचं: लिमसी, म्हणजे क जीवनसत्त्वाची गोळी, आणि झिंक. पाचशे मिलिग्रॅमच्या त्या चघळायच्या आंबट गोळ्या एरवी वीस-पंचवीस रुपयांना पट्टी. एप्रिलमध्ये स्टॉकिस्टला फोन केला की पलीकडून एकच शब्द ऐकू यायचा, ‘शॉर्ट.’ मग लोक हजार मिलिग्रॅमच्या, पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्यांच्या नळ्या नेऊ लागले. त्या कितीतरी महाग. एप्रिलमध्ये गोव्यातले तेव्हाचे सातही रुग्ण बरे झाले आणि १९ तारखेला राज्यात एकही रुग्ण उरला नाही, तेव्हा पुष्कळांनी त्याचं श्रेय घरच्या काढ्याला आणि या गोळ्यांना दिलं. जूनच्या सुरुवातीला वास्कोच्या मांगोर हिलवर साथ पसरली आणि तो समज टिकला नाही. गोळ्यांची मागणी मात्र टिकली.

ही जीवनसत्त्वं शरीरात करतात काय, हे आधी सांगते.

आपल्या रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी जंतूंवर पहिल्यांदा धावून जातात, त्या क जीवनसत्त्वाचा साठा करून ठेवतात. भोवतीच्या रक्तद्रवात असतं त्याच्या पन्नास ते शंभर पट त्यांच्या आत असतं. जंतू मारताना या पेशी जी तिखट रसायनं सोडतात, त्यांनी त्या स्वतःच जळू नयेत म्हणून ते लागतं. अ जीवनसत्त्व नाकापासून फुप्फुसापर्यंतचं आणि आतड्याचं ओलं अस्तर शाबूत ठेवतं. विषाणूला पहिली अडवणूक तिथंच होते. ड जीवनसत्त्वासाठी रोगप्रतिकारक पेशींवर खास जागा असतात. त्याच्या जोरावर त्या जंतूंना भोकं पाडणारी काही प्रथिनं तयार करतात. आणि साथीत शरीराला झपाट्यानं नव्या पेशी घडवाव्या लागतात, त्यासाठी ब गटातली बी सिक्स, बी ट्वेल्व्ह आणि फोलिक ॲसिड हवीत. झिंक हे जीवनसत्त्व नव्हे, खनिज आहे, पण त्याचंही काम याच कारखान्यात चालतं.

तेव्हा जीवनसत्त्वांचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. संबंध आहे, घट्ट आहे. प्रश्न आहे तो मात्रेचा. कमतरता असली की काय होतं याचा एक भयंकर दाखला आपल्या गोव्याच्या किनाऱ्याशीच जोडलेला आहे. कारवारसमोर अंजदीव बेट आहे, ते आजही गोव्याच्या हद्दीत येतं. ५ ऑक्टोबर १४९८ रोजी वास्को द गामा तिथून परत जायला निघाला. वारा उलटा होता. अरबी समुद्र ओलांडायला त्याच्या जहाजांना जवळजवळ तीन महिने लागले. ताजं फळ नाही, भाजी नाही. खलाशांच्या हिरड्या इतक्या सुजल्या की दातांवर चढल्या आणि खाता येईना, पाय सुजले, अंग सुजलं. त्या एका टप्प्यात तीसेक माणसं मेली. एकेका जहाजावर काम करण्याजोगी सात-आठ माणसं उरली होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला पोचल्यावर आजाऱ्यांनी संत्री मागितली. पुढे माणसं कमी पडली म्हणून एक जहाज जाळून टाकावं लागलं. हा स्कर्व्ही, क जीवनसत्त्वाचा अभाव. १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरानं बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, आणि संत्री-लिंबू मिळालेली जोडी आठवड्याच्या आत उभी राहिली. तरी ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सक्तीचा व्हायला १७९५ साल उजाडलं.

या गोष्टीतला लिंबाचा चमत्कार सगळ्यांच्या लक्षात राहतो. ती माणसं तीन महिने क जीवनसत्त्वाशिवाय होती, हे कुणी लक्षात घेत नाही. रिकाम्या घागरीत पाणी ओतलं की ती भरते. भरलेल्या घागरीत ओतलं तर पाणी खाली सांडतं.

आणि ते अक्षरशः सांडतंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये ठरवलेली क जीवनसत्त्वाची रोजची गरज पुरुषाला ८० मिलिग्रॅम आणि बाईला ६५ मिलिग्रॅम आहे. रोज दोनशेच्या आसपास पोटात गेलं की रक्तातली पातळी जवळजवळ पूर्ण भरते. त्यावर आणखी घेत गेलात की आतडं कमी शोषतं आणि मूत्रपिंड जास्तीचं बाहेर टाकतं. हजार मिलिग्रॅमच्या पुढे गेलात तर निम्म्याहून कमी अंगात जातं. बाकीचं पोट बिघडवतं. अंगात गेलेल्यातलं काही ऑक्झलेट होऊन लघवीत उतरतं, आणि ज्यांना आधी मुतखडा झालाय त्यांना पुन्हा होण्याचा धोका वाढतो. मुतखड्याची औषधं नेणारी आणि दुसऱ्या हातात हजारची नळी धरणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मोठ्या मात्रेचं हे वेड आलं कुठून? दोन वेळा नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग यांनी १९७० पासून ते जोरात मांडलं. एवढ्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञानं सांगितलं म्हटल्यावर जगानं ऐकलं. त्यानंतर खूप चाचण्या झाल्या. २०१३ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं त्या सगळ्यांचा एकत्र आढावा घेतला. तुमच्याआमच्यासारख्या सामान्य माणसांनी रोज क जीवनसत्त्व घेतलं तरी सर्दी होण्याचं प्रमाण कमी होत नाही. सर्दीचा काळ मोठ्यांमध्ये सुमारे ८ टक्के आणि मुलांमध्ये १४ टक्के कमी होतो, तोही आधीपासून रोज घेत असलात तर. सर्दी झाल्यावर सुरू केलं तर भरवशाचा फायदा दिसत नाही. एक अपवाद मात्र ठळक आहे. मॅरेथॉन धावणारे, कडाक्याच्या थंडीत कष्टाचा सराव करणारे सैनिक, यांच्यात सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. मला हा अपवाद फार बोलका वाटतो. ज्या शरीराची खरंच झीज होतेय त्याला उपयोग झाला.

कोविडमध्ये हेच पुन्हा तपासलं गेलं. अमेरिकेत २१४ रुग्णांना घरीच ठेवून कुणाला रोज ८००० मिलिग्रॅम क, कुणाला ५० मिलिग्रॅम झिंक, कुणाला दोन्ही, कुणाला नेहमीचेच उपचार दिले. बरं व्हायला लागलेल्या दिवसांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही, आणि चाचणी मध्येच थांबवली गेली. निष्कर्ष फेब्रुवारी २०२१ मध्ये छापून आला, म्हणजे आपली दुसरी लाट उसळण्याआधी. तो आपल्या काउंटरपर्यंत पोचलाच नाही याचं मला आजही वाईट वाटतं. ड जीवनसत्त्वाचंही तसंच. ब्राझीलमध्ये इस्पितळात दाखल झालेल्यांना एकदम दोन लाख युनिट दिली, मुक्काम कमी झाला नाही. ब्रिटनमध्ये ६२०० लोकांच्या चाचणीत ज्यांचं ड कमी भरलं त्यांना सहा महिने गोळ्या दिल्या, कोविड टळला नाही. नॉर्वेत चौतीस हजारांहून अधिक लोकांनी हिवाळाभर रोज कॉड माशाच्या यकृताचं तेल किंवा साधं तेल घेतलं, तिथंही फरक नाही. नॉर्वेच्या लोकांत बहुतेकांचं ड आधीच पुरेसं होतं, हे मुद्दाम सांगते. त्याआधी, २०१७ च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात श्वसनाच्या संसर्गापासून ड थोडंफार वाचवतं असं दिसलं होतं, आणि तो फायदा मुख्यतः ज्यांच्यात त्याची मोठी कमतरता होती आणि ज्यांनी रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं घेतलं त्यांच्यात होता. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांत नाही.

मोठ्या डोसचं नाव निघालं म्हणून सांगते. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटांची पुडी तुम्ही पाहिली असेल. पांढरी भुकटी, दुधात टाकून प्यायची. कमतरता असलेल्याला डॉक्टर ती सहसा आठवड्यातून एक, अशी आठ आठवडे देतात. कवळ्याच्या बाजूचे एक आजोबा आमच्याकडून नेहमी रक्तदाबाची गोळी नेत. साथीच्या दिवसांत त्यांची सून बद्धकोष्ठाचं औषध न्यायला आली. मग चार दिवसांनी उलटीचं. मग विचारायला आली की आजोबांना तहान फार लागते, रात्रीतून सारखे लघवीला उठतात, साखर तर वाढली नसेल? बोलताना म्हणाली, ‘हल्ली विसरतातही फार, काल मलाच विचारलं तू कोण म्हणून.’ मी तिला म्हटलं, वहिनी, घरी जा आणि आजोबा जे जे घेतात ते सगळं पिशवीत घालून घेऊन या, आयुर्वेदिक असो, मुलानं दुबईहून पाठवलेलं असो, काही सोडू नका. ती पिशवी काउंटरवर रिकामी केली तेव्हा त्यातून या पुड्यांची रिकामी पाकिटं निघाली. गठ्ठाच होता. चिठ्ठीवरचं अक्षर कुणालाच लागलं नव्हतं आणि आजोबा महिना-दीड महिना रोज एक पुडी दुधातून घेत होते. दुसऱ्या दुकानातूनही आणवत होते, कारण ‘शक्ती येते’ असं त्यांना वाटत होतं. रक्त तपासलं तर कॅल्शियम चढलेलं. दाखल करून सलाइन लावावं लागलं. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, क सारखं लघवीवाटे निघून जात नाही, म्हणून ते उतरायला महिने लागले. आजोबा सावरले. पण त्या दिवसापासून आमच्याकडे त्या पुडीवर काळ्या मार्करनं वाराचं नाव लिहून दिलं जातं. ‘रविवार’ असं मोठ्या अक्षरात. घरातलं कुणीही वाचू शकेल असं.

आता दुसरी बाजू, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

गोवर हाही विषाणूच आहे, आणि साथीनंच पसरतो. गोवर झालेल्या मुलाला अ जीवनसत्त्वाचे दोन मोठे डोस लागोपाठ दोन दिवस द्यावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्षावरच्या मुलाला दोन लाख युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एक लाख, त्याहून लहानाला पन्नास हजार. गोवर अंगातला अ जीवनसत्त्वाचा साठा झपाट्यानं खाऊन टाकतो, आणि मग डोळे जातात, न्यूमोनिया होतो. ज्या भागात पोरं अर्धपोटी आहेत तिथं या दोन डोसांनी मृत्यू कमी होतात. आपल्याकडे नऊ महिन्यांच्या बाळाला गोवराच्या लसीबरोबर चमच्यानं एक लाख युनिटांचं पिवळं तेलकट औषध पाजतात, आणि पुढे पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख. एकूण नऊ डोस. अंगणवाडीत, आरोग्य केंद्रात ते फुकट मिळतं. ज्या आया महागड्या मल्टिव्हिटॅमिनची बाटली मागतात, त्यांना मी आधी विचारते, चमच्याचा डोस चुकला तर नाही ना? बाळाचं कार्ड काढून बघतात तेव्हा कितीदा तरी दीड वर्षानंतरच्या रकान्यांत काहीच लिहिलेलं नसतं.

मोठ्यांतही कमतरता असलेली माणसं ओळखता येतात, डोळे उघडे ठेवले तर. साखरेसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी ट्वेल्व्ह हळूहळू उतरतं. गोव्यात मधुमेह घराघरात आहे, पण हात-पाय झिणझिणतात हे ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिलं जातं. मासळी-अंडं काहीच न खाणाऱ्यांचंही बी ट्वेल्व्ह कमी असतं. अंथरुणाला खिळलेली आजी, जिनं गेल्या कित्येक पावसाळ्यांत ऊन पाहिलेलं नाही, तिचं ड कमी असणारच. रोज पिणाऱ्याचं फोलिक ॲसिड आणि बी वन दोन्ही रिकामं असतं, कारण तो जेवतच नाही. बांधकामावर डाळ-भातावर राबणारी माणसं, बाळंतीण झाल्यावर महिनोन्‌महिने पथ्यावर ठेवलेली सून. २०२० च्या एप्रिलमध्ये यांच्यापैकी जवळजवळ कुणीही माझ्याकडे व्हिटॅमिन मागायला आलं नाही. एकेका घरात दहा पट्ट्या नेणारे आले. हे मी विसरू शकत नाही. औषध कमी असताना ते कुणाला द्यायचं हे कुणीतरी ठरवायला हवं होतं.

बाकीच्यांसाठी गोव्याची भूमी पुरेशी आहे असं मी अगदी मनापासून सांगते. काजूचे बोंडू घ्या. मार्च ते मे, म्हणजे नेमके बंदचे महिने, आमच्याकडे डोंगरभर बोंडू पडलेले असतात. त्यांच्यात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं. बोंडू तुडवून, दाबून काढलेला ताजा नीरो एक पेलाभर प्यायलात तर दिवसाची गरज भागून वर उरते. (त्या दिवसांत कुणीतरी पसरवलं होतं की फेणी प्यायल्यानं विषाणू मरतो. दारूनं विषाणू मरायचा तर तो हातावरचा, तोही सॅनिटायझरमधल्या तीव्रतेनं. आणि बोंडवातलं क जीवनसत्त्व वाफेबरोबर वर चढत नाही, ते भट्टीतच राहतं. फेणीत त्यातलं काही उतरत नाही.) पेरू, आवळा यांना तर तोड नाही. तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, पिकलेला मानकुराद आंबा यांतून अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल मिळतो. बांगडा आणि तारले यांत ड आहे, आणि ही मासळी स्वस्त आहे. उकडा तांदूळ खाणाऱ्यांना आणखी एक फायदा. भात तुसासकट उकडताना कोंड्यातलं बी वन दाण्यात शिरतं, म्हणून पॉलिश केलं तरी बरंचसं टिकतं. आपल्या पेजेला गरिबीचं जेवण समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मात्र आजाऱ्याला नुसती पेज आणि लोणचं देऊन आठवडा काढू नका. प्रतिपिंडं प्रथिनांची बनतात. पेजेबरोबर अंडं, मुगाचं कढण, मासळीची कढी काहीतरी द्या.

काढ्याबद्दलही विचारतात. आलं, मिरी, तुळस घालून गरम काही प्यायल्यानं घशाला आराम मिळतो, घ्या. पण लिंबू त्यात घालून अर्धा तास उकळत ठेवू नका, क जीवनसत्त्व उष्णतेनं नासतं. लिंबू शेवटी, पेल्यात पिळायचं.

उन्हाचं एक सांगायलाच हवं, कारण इथं शिकलेली माणसंही फसतात. ‘सकाळचं कोवळं ऊन’ मनाला बरं वाटतं, पण ड तयार करणारे किरण त्यात फार थोडे असतात. ते मिळतात ऊन डोक्यावर असताना. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडली पाहिजे. गोवा पंधरा अंश अक्षांशावर आहे, वर्षभर दुपारी असं ऊन मिळतं, पावसाळ्यात ढग आले तर गोष्ट वेगळी. हात-पाय उघडे ठेवून आठवड्यात काही वेळा थोडा वेळ बसलं तरी पुष्कळांना पुरतं. खिडकीच्या काचेआड बसून उपयोग नाही, काच ते किरण अडवते.

आणि हवेतला ओलावा. आमच्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की उघड्या डब्यातल्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर आधी तपकिरी ठिपके येतात, मग सगळी गोळी काळपट होते, हाताला चिकटते. हवा आणि ओल लागून ते जीवनसत्त्व नष्ट झाल्याची ती खूण आहे. २०२० मध्ये साठवून ठेवलेले डबे लोकांनी पुढच्या वर्षी उघडले तेव्हा आत असंच निघालं. काहींनी ते तसंच खाल्लं.

मे २०२१ बद्दल लिहायला जड जातं. गोव्यात तपासलेल्या नमुन्यांपैकी जवळपास निम्मे पॉझिटिव्ह येत होते. रोज काउंटरवर तीच मागणी, क, ड, झिंक. १० मे रोजी अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध देण्याची घोषणा राज्यात झाली आणि रांग दुप्पट झाली, चाचण्यांबाहेर ते वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटना सांगत असूनही. महिना संपता संपता केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सौम्य रुग्णांच्या उपचारांतून आयव्हरमेक्टिन, झिंक, मल्टिव्हिटॅमिन हे सगळंच काढून टाकलं. मुख्यतः तापावरचं आणि खोकल्यावरचं औषध, आणि ऑक्सिजनवर लक्ष, एवढंच ठेवलं. तोवर खूप उशीर झाला होता.

क जीवनसत्त्वाची गोळी स्वतः फारशी घातक नाही. त्या गोळीच्या भरवशावर लोक थांबून राहिले, घात त्यानं झाला. एक तरुण मुलगा आला होता, वडिलांसाठी. म्हणाला, ताप गेलाय, फक्त थकवा आहे, जेवत नाहीत, काहीतरी पॉवरफुल व्हिटॅमिन द्या. कितवा दिवस? आठवा. ऑक्सिमीटर आहे? नव्हता. आमच्या काउंटरवरचा दिला आणि म्हटलं, आत्ता घरी जा, बोटाला लाव आणि मला फोन कर, आधी व्हिटॅमिन नाही. फोन आला. ८६. त्यांना धाप जाणवतही नव्हती, अंगणात खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. या रोगात हे असंच व्हायचं. ऑक्सिजन उतरत जायचा आणि माणसाला कळायचं नाही. ९४ च्या खाली आला की धावायचं असतं, आणि आकडा ठीक दिसला तरी सहा मिनिटं घरात चालून पुन्हा बघायचं असतं. ते दोन आठवडे ऑक्सिजनवर होते, घरी परत आले. पण त्याच दिवसांत ‘पाच दिवसांचा कोर्स पुरा होऊ दे, मग बघू’ म्हणून थांबलेली घरं मला ठाऊक आहेत, आणि तिथली माणसं परत आली नाहीत. त्यांच्या उशाशी जीवनसत्त्वांच्या सगळ्या पट्ट्या होत्या.

म्हणून आता ताप-खोकल्याच्या साथीत कुणी आंबट गोळ्या मागितल्या की मी देते, नाही म्हणत नाही, पण एक पट्टी. आणि त्याआधी विचारते: घरात साठीच्या वरचं कोण आहे, साखर कुणाला आहे, दमा कुणाला आहे, फ्लूची लस घेतली का, ऑक्सिमीटरचा सेल चालू आहे का. लशीनं शरीराला विषाणूची ओळख होते. ते काम कुठलंही जीवनसत्त्व करत नाही. भरपूर जीवनसत्त्व असलेल्या पेशीलाही ओळख पटायला वेळ लागतो, आणि म्हाताऱ्या माणसाकडे तो वेळ नसतो.

साथ गेली तरी रोज मल्टिव्हिटॅमिन घ्यायची सवय बऱ्याच जणींना राहिली आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेत असाल तर लोह किंवा कॅल्शियम असलेली मल्टिव्हिटॅमिन तिच्यानंतर किमान चार तासांनी घ्या, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगात शोषलीच जात नाही. आणि केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं, त्यानं थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी त्या बंद ठेवा, आणि रक्त घेणाऱ्याला तसं सांगा. पाकिटावर बायोटिन लिहिलंय का ते बारीक अक्षरात मागच्या बाजूला सापडेल. दिसत नसेल तर पाकीट घेऊन दुकानात या, मी वाचून दाखवते.